प्रायोगिक तत्त्वावर मोटार

माणसाचा अपमान करण्याच्या ज्या अनेक पद्धती निरनिराळ्या संस्कृतींनी विकसित केल्या आहेत, त्यांत त्याला उबेला बोलावणे ही सर्वांत निर्दय होय, असे हालवार्ड न्यूमोएन याचे ठाम मत होते. शिवीला शिवीने उत्तर देता येते. थप्पड मारली तर निदान पोलिसांत जाता येते. परंतु उणे सव्वीस अंशांत, स्वतःच्या मोटारीच्या काचेवरचे बर्फ खरवडत उभे असताना, शेजारच्या डिझेल गाडीची काच चार बोटे खाली येते, आतून ऊब, कॉफीचा वास आणि अकॉर्डियनचे सूर एकदमच बाहेर पडतात आणि पाठोपाठ ट्रुल्सचा आवाज येतो, "अरे ये की, बस! तिकडेच तर चाललोय," तेव्हा सुसंस्कृत मनुष्याने नेमके काय करावे, याचे उत्तर नीतिशास्त्राच्या एकाही ग्रंथात नाही. हालवार्डने शोधून पाहिले होते.

ट्रुल्स हा, ज्या शाळेत हालवार्ड इतिहास शिकवत असे, त्याच शाळेची देखभाल पाहणारा गृहस्थ. दोघेही ओस्टरडालेन खोऱ्यातल्या ग्रानली सोसायटीत राहत आणि दोघांनाही रोज सकाळी माळरानाचा माथा ओलांडून पलीकडच्या गावी जावे लागे. तेव्हा त्याच्या गाडीतून जाणे स्वाभाविक, सोयीचे आणि शहाणपणाचे होते. ज्या गोष्टी एकाच वेळी स्वाभाविक, सोयीच्या आणि शहाणपणाच्या असतात त्यांपासून विद्वानाने दूरच राहावे, असे हालवार्डला वाटे. शिवाय ट्रुल्स वाटेत एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या रानहरणांच्या, शिकारीच्या हकिकती सांगत असे. जे एल्क त्याने मारले त्यांच्या हकिकती एक वेळ सोसता आल्या असत्या. कारण त्यांना शेवट तरी होता. पण जे निसटले त्यांच्याविषयी तो माथा येईपर्यंत बोले आणि उताराला लागल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी.

म्हणून हालवार्डने सप्टेंबरात एक वापरलेली विजेची मोटार घेतली. ती त्याने समुद्रकाठच्या एका दंतवैद्याकडून घेतली, आणि इथेच कोणाही इतिहासकाराला सावध व्हायला हवे होते. कारण समुद्रकाठचे लोक ज्याला हिवाळा म्हणतात त्याला खोऱ्यातले लोक पाऊस म्हणतात. मोटारीच्या पडद्यावर, ती अजून किती किलोमीटर जाईल याचा आकडा उमटत असे. सप्टेंबरातल्या त्या सोनेरी दुपारी तो आकडा मोठा भारदस्त होता. पुढे नोव्हेंबर उजाडला, तशी त्या आकड्याची जात कोणती, हे हालवार्डला उमगले. तो तहातल्या कलमासारखा होता: परिस्थिती अनुकूल असेतोवर अक्षरशः खरा. थंडी पडली की तो निम्मा होई, आणि हीटरच्या बटणाकडे नुसता हात गेला तरी कापरे भरून आणखी खाली येई. हीटर बंद ठेवला तर शाळेला जाऊन घरी परतता येत असे, तेही जेमतेम. हीटर लावला तर फक्त जाता येत असे.

हालवार्डने हीटर बंद ठेवला. लोकरीचे आतले कपडे, त्यावर लोकरीचे बाहेरचे कपडे, त्यावर स्कीइंगचा एकसंध पोशाख, मांडीवर मेंढीचे कातडे आणि हातांत रेनडिअरच्या चामड्याचे मोजे अशा थाटात हा मनुष्य रोज सकाळी ध्रुवाच्या शोधास निघाल्यासारखा निघे आणि शाळेत पोचून मध्ययुगातली व्यापारी बंदरे शिकवी.

"हीटर लाव ना सरळ," त्याची बायको आस्ता म्हणाली. ती वृद्धाश्रमात परिचारिका होती, चालत कामावर जात असे आणि म्हणून तिला प्रवासाविषयी स्वच्छ मते होती.

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्वाला सर्दी होत नाही, हालवार्ड. तुला होते. आणि मग घरभर शिंकतोस."

"ट्रुल्ससारखं त्या डिझेलच्या डब्यात बसून—"

"ट्रुल्स काल टी-शर्टवर उतरला गाडीतून," आस्ता म्हणाली. "मी पाहिलं. गोड दिसत होता."

या वाक्यानंतर तडजोडीचे सर्व मार्ग बंद झाले, हे सुज्ञांस सांगणे नलगे.

आता मोटार घेणे एक आणि तिला वीज पाजणे दुसरे. खोऱ्यात चार्जर नव्हता. पलीकडच्या गावात पेट्रोल पंपावर एक होता आणि त्यावर 'जलद' असे लिहिलेही होते. पण थंडीत त्याची जलदता बोगद्याच्या खोदकामाइतकी असे आणि रांग त्याहून लांब. शाळेच्या आवारात सॉकेट बसवण्याचा प्रस्ताव 'विचाराधीन' होता, म्हणजे मेला होता, फक्त पुरायचा राहिला होता. उरली सोसायटी.

ग्रानली सोसायटीच्या वाहनतळावर प्रत्येक जागेपुढे एक ठेंगणा खांब होता आणि त्यावर इंजिन गरम करायचे सॉकेट. डिझेलचे इंजिन त्या थंडीत गोठते, म्हणून निघण्याआधी तास-दोन तास त्याला वीज देऊन ऊब आणायची, अशी खोऱ्याची पिढीजात रीत. त्यासाठी प्रत्येक खांबावर घड्याळ बसवलेले. ते ठरल्या वेळी वीज चालू करी. विजेच्या मोटारीला मात्र दोन तास म्हणजे दाढेखाली तीळ. तिला अख्खी रात्र हवी. अख्ख्या रात्रीसाठी समितीची परवानगी हवी. आणि समिती म्हणजे गुनवोर स्लेट्टेन.

गुनवोरबाईंची नोकरी नगरपालिकेच्या करखात्यात झाली होती आणि निवृत्तीनंतरही नजर खात्यातच राहिली होती. त्या आवाज चढवून बोलल्याचे कोणी ऐकले नव्हते. तशी वेळच त्यांच्यावर कधी आली नव्हती. हालवार्डचा अर्ज त्यांनी समितीपुढे वाचला. समितीत दुसरे आर्नफिन. हे रेल्वेत सिग्नलकडे होते आणि त्या पुण्याईवर विजेच्या यच्चयावत प्रश्नांत स्वतःला अंतिम न्यायालय मानत.

"विजेचं काय असतं," आर्नफिन म्हणाले, "ती पाण्यासारखी असते. एकाने नळ उघडा ठेवला की वरच्या मजल्यावरचा बोंबलतो."

"वरचा मजला कसला? वाहनतळ आहे तो," हालवार्ड म्हणाला.

"उदाहरण दिलं मी."

"चुकीचं दिलंत."

"बघा," आर्नफिन गुनवोरबाईंकडे वळून दुःखाने म्हणाले, "शिकलेल्या माणसाला समजावणं कठीण असतं."

गुनवोरबाईंनी चष्मा पुसला. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि शस्त्रक्रियेच्या रांगेत त्या मागच्याच्या मागच्या हिवाळ्यापासून उभ्या होत्या; तरीही समोरच्याला आपण आरपार दिसतो आहोत असेच वाटे. "प्रायोगिक तत्त्वावर," त्या म्हणाल्या. "एप्रिलच्या वार्षिक सभेपर्यंत. अट एकच. एकाही सभासदाची काहीही गैरसोय होता कामा नये. झाली, की सॉकेट बंद."

हालवार्डने हिशोब केला. सॉकेट बंद म्हणजे मोटार बंद. मोटार बंद म्हणजे ट्रुल्स. ट्रुल्स म्हणजे निवृत्तीपर्यंत एल्क. त्याने अट मान्य केली.

ज्यांना या खोऱ्यातल्या लोकांचा अनुभव नाही त्यांना वाटेल, यात कठीण ते काय? भांडण झाले तर सामना करता येतो. परंतु ग्रानली सोसायटीत भांडण होत नसे. तिथे लोक 'विचारात पडत'. पहिल्याच आठवड्यात जिन्यातल्या फलकावर एक निनावी चिठ्ठी लागली: *रात्रभर वीज घेणे काहींना शक्य होते आणि काहींना नाही, याबद्दल काही सभासद विचारात पडले आहेत. कळावे, एक शेजारी.* खाली एक हसरा चेहरा काढला होता. तो पाहून हालवार्डला दोन दिवस जेवण गेले नाही. उघड शत्रूचा तट पाहून घेता येतो. हसऱ्या चेहऱ्याला तट नसतो.

ट्रुल्सने मात्र काचेतून विचारले, "काय रे, चिठ्ठी वाचलीस?"

"वाचली. कोणी लावली?"

"मी कशाला लावू? मला काय, तू येऊन बसलास तर आनंदच आहे. सीट गरम होते माझी. मागचीपण."

गुनवोरबाईंनी चिठ्ठीची दखल घेतली आणि जो निर्णय दिला तो कुठल्याही घटनापीठाला शोभावा असा होता. हालवार्डला रात्रभर वीज मिळते आणि इतरांना दोनच तास, ही विषमता आहे. विषमता ही गैरसोय आहे. तेव्हा एक तर हालवार्डची वीज तोडावी, नाही तर सर्वांच्या खांबावरची घड्याळे काढून सर्वांना रात्रभर वीज द्यावी.

"पण त्यांना नकोय ना रात्रभर!" हालवार्ड उसळून म्हणाला. "इंजिन गरम व्हायला दोन तास पुरतात."

"हवंय की नको हा मुद्दा नाही," गुनवोरबाई म्हणाल्या. "हक्काचा मुद्दा आहे. तुम्ही शाळेत शिकवता ना राज्यघटना?"

तो शिकवत असे. दरवर्षी मे महिन्यात तो भाग येई आणि समान हक्कांच्या परिच्छेदापाशी त्याचा आवाज किंचित घोगरा होई. स्वतःच्याच घोगरेपणाने असा गळा आवळलेला मनुष्य बोलणार काय? घड्याळे निघाली. फ्यूज टिकेल ना, अशी शंका आस्ताने घरी काढली. हालवार्डने ती सभेत मांडली. आर्नफिननी तिचा निकाल लावला.

"तो फ्यूज मी ओळखतो," ते म्हणाले. "जुना आहे, पण सालस आहे."

आणि मग फुकट ते पौष्टिक या न्यायाने सगळ्या सोसायटीला रात्रभर विजेची गरज भासू लागली. इंजिन तापवायचेच, तर आतली बैठक का नको? कोणी गाडीत छोटा हीटर ठेवला. कोणी दोन ठेवले. खुद्द गुनवोरबाईंनी, केवळ हक्क बजावायचा म्हणून, आपल्या गाडीत एक पंखा असलेला हीटर ठेवला, कारण हक्क न वापरणे हा, त्यांच्या मते, तो मिळवून देणाऱ्यांचा अवमान होता. फ्यूजने डिसेंबर सोसला, जानेवारी सोसला. फेब्रुवारीत आकाश निरभ्र झाले, चुलीचा धूर सरळ उभा राहू लागला, पारा उणे छत्तिसावर गेला आणि एका संध्याकाळी तो सालस फ्यूज कोणालाही त्रास न देता वारला.

सकाळी वाहनतळावर जे दृश्य होते ते हालवार्ड जन्मभर विसरणार नव्हता, आणि त्याला विसरायचेही नव्हते. एकेक डिझेल गाडी किल्ली फिरवल्यावर म्हाताऱ्या गायीसारखी एकदा हुंकारे आणि मान टाकी. ट्रुल्स स्टिअरिंगवर डोके टेकून बसला होता. आर्नफिन खांबाला कान लावून काहीतरी ऐकत होते. हालवार्ड आपल्या मोटारीत बसला, त्याने बटण दाबले. एक नम्र घंटी वाजली, दिवे लागले.

"नाही झाली ना सुरू?" ट्रुल्स ओरडला.

"झाली."

"आवाज कुठाय?"

"आवाज नसतो हिला."

"मग सुरू झाली कशावरून?"

हालवार्डने उत्तरादाखल मोटार दोन हात पुढे आणि दोन हात मागे घेतली. त्या चार हातांत त्याचा अख्खा हिवाळा सामावलेला होता. परंतु नियती कोणालाही निखळ विजय देत नाही. तो देण्याचा तिला बहुधा अधिकारच नसावा. फ्यूज संध्याकाळीच गेला असल्याने त्याच्याही मोटारीला घोटभरच वीज मिळाली होती. पडद्यावरचा आकडा गावापर्यंतच्या अंतराएवढा होता: न कमी, न जास्त.

इतक्यात मागे बर्फ करकरले. गुनवोरबाई उभ्या होत्या, हातात छोटी बॅग, डोक्यावर सणाची टोपी.

"गैरसोय झाली आहे," त्या म्हणाल्या.

हालवार्डच्या डोळ्यांपुढे एल्कचा कळप उभा राहिला.

"माझी आज शस्त्रक्रिया आहे. डोळ्याची. चुकली तर पुन्हा रांगेच्या शेवटी." गुनवोरबाई क्षणभर थांबल्या. मागणे मागायची सवय नसलेल्या माणसाचे ते थांबणे होते. "वीजवाला दुपारी येतो म्हणालाय. टॅक्सीवालाही याच वाहनतळावरचा, आणि त्याची टॅक्सी डिझेलची."

"बसा," हालवार्ड म्हणाला.

"शाळेचा बॉयलर!" ट्रुल्स धावत आला. "आज मी नाही पोचलो तर पोरं बाकांना चिकटतील." तो परवानगीची वाट न पाहता मागे कोंबला गेला, मोटार एका अंगाला कलली. पाठोपाठ दुसऱ्या बाजूने आर्नफिन शिरले.

"तुमचं काय काम आहे गावात?" हालवार्डने विचारले.

"काम काही नाही. पण विजेतलं कळणारं कोणीतरी सोबत असलेलं बरं."

सोसायटीचा कोपरा वळला. मग ट्रुल्स म्हणाला, "हालवार्ड, हीटर लाव रे."

"हीटर लावला तर माथ्यापर्यंत पोचू. नाही लावला तर गावापर्यंत."

"म्हणजे तू रोज असाच जातोस?"

"रोज."

"आणि माझी गाडी शेजारून जाते, सीट गरम असलेली!" ट्रुल्सच्या आवाजात प्रथमच असे काहीतरी होते ज्याला, ऐकणाऱ्याने मन मोठे केले असते तर, आदर म्हणता आले असते. "अरे, तू वेडाच आहेस."

"मतदान घेऊ," पुढच्या बैठकीवरून गुनवोरबाई म्हणाल्या. "हीटरच्या बाजूने?"

ट्रुल्सने हात वर केला. आर्नफिननीही तो केला, मग विजेतल्या जाणकाराला हे शोभणार नाही असे वाटून अर्ध्यात आणला, आणि तो तिथेच राहिला. गुनवोरबाईंनी अर्धे मत अवैध ठरवले. हीटर बंद राहिला.

चार माणसांचा श्वास ही काय चीज आहे, हे त्यांना पुढच्या पाव तासात कळले. तो निघे, काचेवर बसे आणि आतल्या बाजूने गोठे. बाहेरचे बर्फ खरवडायची पट्टी बाहेरच, वाहनतळावर राहिली होती. आतल्या बर्फाची सोय मोटार बनवणाऱ्यांनी केलेली नव्हती. शेवटी ट्रुल्सने आपल्या झोळीतून शिक्षकांच्या खोलीसाठी आणलेला तपकिरी चीजचा ठोकळा आणि त्याचे काप काढायची धारदार चपटी पळी बाहेर काढली आणि दोन बैठकांमधून वाकून तो काचेवरून बर्फाचे पातळ, सुबक काप काढू लागला. ते गुनवोरबाईंच्या सणाच्या टोपीवर पडत होते.

"सगळ्यांनी श्वास जरा कमी घ्या," आर्नफिन म्हणाले.

"तुम्ही बोलायचं थांबा, आपोआप कमी होईल," ट्रुल्स म्हणाला.

चढ लागला. मागे ट्रकची रांग लागली. तिच्या दिव्यांच्या उघडझापेतून जे शब्द प्रकट होत होते ते कुठल्याही कोशात नाहीत. पडद्यावरचा आकडा भराभर उतरला, मग आकड्याच्या जागी नुसत्या आडव्या रेघा आल्या, जणू मोटारीने भविष्याविषयी बोलायचेच सोडले होते. आणि मग एक पिवळे कासव उजळले.

"हे काय?" गुनवोरबाईंनी डोळे बारीक करून विचारले. "बेडूक?"

"कासव," हालवार्ड म्हणाला. "म्हणजे आता ती हळू जाणार."

"आत्तापर्यंत काय करत होती?" ट्रुल्स म्हणाला.

माथा समोर दिसत होता. पण दिसणे आणि पोचणे यांत वजन आड येत होते. गुनवोरबाईंनी दार उघडले. "उतरा. चालत जाऊ वरपर्यंत."

"अहो, तुम्ही तरी बसा! तुमचा डोळा—"

"डोळ्याचं वजन किती असतं, हालवार्ड? सगळ्यांना एकच नियम."

अशा रीतीने उणे छत्तीस अंशांत, वाऱ्याने झोडलेल्या त्या माळावर, एक छोटी मोटार पावलांच्या गतीने माथ्याकडे निघाली. मागे सणाच्या टोपीतल्या एक बाई, त्यांच्यामागे हातात चीजची पळी घेतलेला एक लठ्ठ गृहस्थ, त्याच्यामागे आर्नफिन आणि त्यांच्यामागे संतप्त ट्रक. समोरून बर्फ बाजूला सारणारी नांगरगाडी आली. चालकाने थांबून काच खाली केली आणि टोपी काढली.

"कोण गेलं?" त्याने हलक्या आवाजात विचारले.

"कोणी नाही," गुनवोरबाई म्हणाल्या. "प्रायोगिक तत्त्व आहे."

माथ्यावर सगळे पुन्हा आत बसले आणि उतार लागला. उतारावर ही मोटार स्वतःच वीज बनवून साठवते, आणि जितके वजन जास्त तितकी वीज जास्त. त्या उतारावर ट्रुल्सच्या देहाचा मानवजातीला पहिल्यांदा उपयोग झाला. आडव्या रेघा गेल्या, आकडा आला, कासव विझले. रुग्णालयाच्या दारात मोटार थांबली तेव्हा परिचारिका आतून गुनवोर स्लेट्टेन हे नाव पुकारत होती.

गुनवोरबाई उतरल्या, टोपीवरचे बर्फ झटकले आणि खिडकीशी वाकून म्हणाल्या, "इतकं काही वाईट नव्हतं."

ज्यांना खोऱ्याची भाषा कळत नाही त्यांना हे वाक्य कळणार नाही. तिथे मुलगी नवऱ्याला पसंत करते तेव्हा हेच म्हणते. हालवार्ड आठवडाभर ते मनात घोळवत हिंडला. व्यापारी बंदरे शिकवताना त्याला मधूनच हसू येई. एप्रिलच्या सभेची तो आता, उभ्या आयुष्यात प्रथमच, वाट पाहत होता.

सभा तळघरातल्या दालनात भरली. कॉफी होती, केक होता. गुनवोरबाई नव्या डोळ्याने भिंतीवरची कोळिष्टकेही मोजत होत्या. पहिलाच विषय हालवार्डच्या प्रयोगाचा. प्रयोग पूर्णपणे यशस्वी झाला आहे, असे त्यांनी जाहीर केले, आणि सभेने टाळ्या वाजवल्या. ग्रानलीच्या सभेत हात वर करून मते मोजत नाहीत, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या की ठराव एकमताने संमत. प्रयोग यशस्वी झाल्यामुळे तो संपला आहे, त्या पुढे म्हणाल्या. पुन्हा टाळ्या. सोसायटी आता खरेखुरे चार्जर बसवणार. दीर्घ टाळ्या. हालवार्डने स्वतःही जोरात वाजवल्या.

"वीज मंडळ चारच चार्जरांपुरती जोडणी देतंय," गुनवोरबाई म्हणाल्या. "इच्छुक कोण?"

दालनातले सगळे हात वर गेले. निम्म्यांनी विजेच्या मोटारी नोंदवूनही झाल्या होत्या. ट्रुल्सची तर मेमध्ये यायची होती, गरम होणाऱ्या चारही सीटसकट.

"मग नियमाप्रमाणे. सभासदत्व ज्यांचं जुनं, त्यांना आधी."

हालवार्ड सोसायटीत येऊन पुरती दहा वर्षेही झाली नव्हती. म्हणजे खोऱ्याच्या हिशोबात तो अजून सामान उतरवत होता. पहिल्या चारांत गुनवोरबाई, आर्नफिन, ट्रुल्स आणि एक आजी आल्या. आजींना गाडी चालवता येत नव्हती, पण हक्क सोडवत नव्हता.

"थांबा, थांबा," ट्रुल्स उठला. त्याचे कान लाल झाले होते. "माझी जागा हालवार्डला द्या. त्याच्यामुळे तर हे सगळं झालं. मी करीन काहीतरी."

या माणसाच्या एल्कविषयी आपण केलेले सगळे विचार हालवार्डला एकदम आठवले.

"चांगली सूचना आहे," गुनवोरबाई म्हणाल्या. "पण त्याआधी तिसरा विषय. चार्जर समितीचा अध्यक्ष. अनुभवी माणूस हवा. मी हालवार्डचं नाव सुचवते."

टाळ्यांनी दालन दणाणले. हालवार्ड उठला, या देशात अशा वेळी जे म्हणतात ते म्हणाला: दाखवलेल्या विश्वासाबद्दल आभारी आहे.

"आता ट्रुल्सची सूचना," गुनवोरबाई म्हणाल्या. "ती मान्य करता येत नाही. समितीचा अध्यक्ष स्वतःच चार्जरचा लाभार्थी असू शकत नाही. हितसंबंध येतात."

"मग मी राजीनामा देतो!" हालवार्ड म्हणाला. "आत्ता. इथे."

"राजीनामा वार्षिक सभेपुढे ठेवावा लागतो."

"ही वार्षिक सभाच आहे!"

"हो, पण आजच्या विषयपत्रिकेत राजीनामा नाही. पुढच्या वर्षी घेऊ." त्यांचा आवाज मायेचा होता, हे अधिकच असह्य होते. "तसं अध्यक्षाला काम फार नाही. चार्जरवरचं बर्फ काढायचं, सकाळी, लोक निघायच्या आत. याला हरकत?"

ग्रानली सोसायटीच्या इतिहासात 'याला हरकत?' या प्रश्नाला कधीही उत्तर आले नव्हते. हालवार्ड न्यूमोएनने ते दिले.

"आहे!" तो गरजला. "हरकत आहे! अख्खा हिवाळा मी त्या मोटारीत गोठून काढलाय! माझ्या पायाच्या दोन बोटांना अजून मी त्यांचाच आहे हे पटत नाही! मी समान न्याय मागितला नव्हता, मी एक सॉकेट मागितलं होतं! तुम्ही मला न्याय दिलात आणि सॉकेट नेलंत! क्रांत्यांनी आपली लेकरं खाल्लेली मी दरवर्षी शिकवतो; पण खाण्याआधी त्यांना समितीचं अध्यक्ष करून कोणी केक भरवल्याचं मी कुठेही वाचलेलं नाही! प्रयोग यशस्वी झाला म्हणता? मग ज्याच्यावर प्रयोग केलात त्याचं काय? बेडकाला तरी कोणी विचारतं का? नाही! पण बेडकाकडून दुसऱ्या दिवशी बर्फ तरी काढून घेत नाहीत!"

तो थांबला. त्याला दम लागला होता. कॉफीचे यंत्र उसासे टाकत होते. आस्ता त्याच्याकडे पाहत होती, आणि लग्न झाल्यापासून तिने त्याच्याकडे इतक्या कौतुकाने क्वचितच पाहिले होते.

मग ट्रुल्सने टाळी वाजवली. कोणी उभे राहून मनापासून बोलले की टाळ्या वाजवायच्या, एवढे त्याला आईने शिकवले होते. आजींनी वाजवली. आर्नफिन डोळे पुसत म्हणाले, "फार सुंदर बोललास रे, शिकलेला आहेस हे कळतं," आणि तेही वाजवू लागले. पाहता पाहता सगळे दालन टाळ्यांनी भरले. हालवार्ड खाली बसला. त्याचे डोके रिकामे झाले होते. आणि चहूकडे सगळे टाळ्या वाजवत असता एकट्याने हात मांडीवर ठेवून बसणे म्हणजे काय असभ्यपणा, हे त्याच्या हातांना त्याच्याहून आधी कळत होते.

गुनवोरबाईंनी नव्या डोळ्याने एकेका सभासदाच्या हातांवरून नजर फिरवली. ती शेवटी हालवार्डच्या हातांपाशी येऊन थांबली, आणि तिच्याबरोबर त्यानेही खाली पाहिले.

ते टाळ्या वाजवत होते.

"एकमताने," गुनवोरबाई म्हणाल्या.